कधी अमोनिया, कधी फेस, पुन्हा अमोनिया: स्लजचं वय नेमकं कुठे निसटतं?

आधी लक्षणं सांगतो, अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजच्या, म्हणजे जीवाणूंच्या गाळाने (स्लजने) सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटची. तुमच्याकडेही हेच चालू असेल तर पुढचं कामाचं आहे.

आउटलेटचा अमोनिया दोन आठवडे १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असतो. मग दोन-तीन दिवसांत ५, ८, १२ असा चढतो. एरेशन टँकवर, म्हणजे स्लजला हवा देतात त्या टाकीवर, पांढरा, हलका फेस येतो आणि क्लॅरिफायरचं, म्हणजे स्लज खाली बसवतात त्या टाकीचं, पाणी गढुळतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, स्लज कमी झालाय, वेस्टिंग (स्लज बाहेर काढणं) बंद करा. वेस्टिंग बंद होतं, हळूहळू अमोनिया उतरतो, सगळ्यांना हायसं वाटतं. तोवर तीस मिनिटांच्या सेटलिंगचा आकडा (सिलिंडरमध्ये खाली बसलेला स्लज) लिटरमागे ४०० मिलिलिटरच्या पुढे गेलेला असतो. टँकवर तपकिरी, चिकट फेसाचा थर धरतो, क्लॅरिफायरमध्ये स्लज वर सरकायला लागतो. आता तीच माणसं म्हणतात, स्लज जास्त झाला, काढा. तीन दिवस पंप दाबून चालतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा अमोनिया.

एका प्लांटवर हे चक्र मी जवळजवळ वर्षभर पाहिलं. लॉगबुकात दर वेळी कारण वेगळं: लोड वाढला, ब्लोअर कमी पडला, पाऊस झाला, कल्चर (जीवाणू) मेलं. दोनदा बाहेरून कल्चर आणून टाकलं, तेही पुढच्या चक्रात धुऊन गेलं. शेवटी महिनाभराच्या नोंदी एका कागदावर उतरवून काढल्या आणि रोज टँकमधून किती किलो स्लज बाहेर गेला ते लिहिलं. आकडे करवतीच्या दात्यांसारखे वरखाली होते. बिघाड जीवाणूंमध्ये नव्हता, आमच्या वेस्टिंगमध्ये होता.

हिशेब किलोत करा

स्लजचं वय, म्हणजे एसआरटी, हा साधा भागाकार आहे. एरेशन टँकमध्ये किती किलो स्लज आहे, भागिले रोज किती किलो बाहेर जातो. जीवाणूंचा सरासरी मुक्काम तेवढ्या दिवसांचा. बाहेर जाण्याच्या वाटा दोन. एक आपण मुद्दाम काढतो ते वेस्टिंग, दुसरी आउटलेटच्या पाण्याबरोबर निसटणारे कण. दुसरी वाट बरेच जण हिशेबात धरतच नाहीत.

हिशेबासाठी एक प्लांट धरू. टँक २,००० घनमीटर, एमएलएसएस (टँकमधल्या स्लजचा दाटपणा) ३,००० मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे टँकमध्ये ६,००० किलो. रोजचा प्रवाह ८,००० घनमीटर आणि आउटलेटला टीएसएस (पाण्यातले कण) १५ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १२० किलो तसेच जातात. वय १० दिवस हवं असेल तर रोज एकूण ६०० किलो बाहेर जायला हवेत. त्यातले १२० आपसूक गेले, उरले ४८०. रिटर्न स्लज (क्लॅरिफायरच्या तळातून टँकला परत जाणारा, वेस्टिंगही त्यातूनच) ८,००० मिलिग्रॅम प्रति लिटरचा असेल तर रोज ६० घनमीटर काढायचा. संपला हिशेब. रोज पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यातला प्रत्येक आकडा खरा हवा, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

एमएलएसएस भरला, तरी अमोनिया का उतरत नाही?

हे नीट समजलं की अर्धी धावपळ थांबते. अन्न खाणारे साधे जीवाणू भराभर वाढतात. तुम्ही तीन दिवसांत एक तृतीयांश स्लज काढलात तरी बीओडी (सांडपाण्यातलं त्यांचं अन्न) पुरेसा येत असेल तर ते लवकर सावरतात. अमोनिया खाणारे नायट्रिफायर मात्र फार सावकाश वाढतात, आणि थंडीत आणखी सावकाश. पाण्याचं तापमान ८ ते १० अंशांनी उतरलं की त्यांची वाढ जवळपास निम्म्यावर येते. वेस्टिंगच्या पंपाला मात्र दोघे सारखेच. एक तृतीयांश स्लज गेला तर एक तृतीयांश नायट्रिफायरही गेले. आठवड्यानंतर एमएलएसएस पुन्हा ३,००० दिसतो, केमिस्ट म्हणतो सगळं जागेवर आलं, पण त्या ३,००० मधला नायट्रिफायरचा वाटा अजून भरलेलाच नसतो.

म्हणून पाणी २० अंशांच्या आसपास असताना वय ४-५ दिवसांच्या खाली गेलं की नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होणं, डळमळायला लागतं. १० अंशांना तेच टिकवायला १० दिवसांहून बरंच जास्त वय लागतं. उन्हाळ्यात ८ दिवसांवर आरामात चालणारा प्लांट त्याच वेस्टिंगवर थंडीत कोसळतो, आणि दोष मात्र त्या आठवड्यात आलेल्या लोडला मिळतो.

ही गोष्ट या पद्धतीइतकीच जुनी आहे. १९१४ मध्ये मँचेस्टरला अर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली तेव्हा पहिल्यांदा पूर्ण नायट्रिफिकेशन व्हायला कित्येक आठवडे लागले होते. मग त्यांनी खाली बसलेला स्लज फेकून न देता तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घेत गेले. तसतसा लागणारा वेळ कमी होत होत तासांवर आला. अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजची सगळी किमया या धरून ठेवण्यात आहे.

आमच्याकडे घोळ कुठे सापडला

वेस्टिंगच्या नमुन्यात. ही जागा बहुतेक ठिकाणी तपासलीच जात नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

आमचं वेस्टिंग सकाळी एकदाच व्हायचं, सलग. पंप सुरू झाला की ऑपरेटर पाचेक मिनिटांत नमुन्याची बाटली भरून लॅबला द्यायचे. रिपोर्ट यायचा ११,०००. त्या आकड्यावरून पुढचे घनमीटर ठरायचे. एका सकाळी मी चार बाटल्या घेऊन पंपाशी उभा राहिलो. पहिली सुरुवातीला भरली, दुसरी दहा मिनिटांनी, तिसरी वीस मिनिटांनी, चौथी तासाभराने. चारही खिडकीपाशी ओळीने ठेवल्या. पहिली गडद आणि दाट. चौथीच्या आरपार मागे धरलेली बोटं दिसत होती. लॅबमधून आकडे आले: ११,०००, ८,०००, ५,५०० आणि ३,८००.

कारण सरळ आहे. रात्रभर क्लॅरिफायरच्या तळाच्या हॉपरमध्ये बसून घट्ट झालेला स्लज आधी येतो. तो संपला की पंप थरात भोक पाडून वरचं पाणी ओढायला लागतो. पंप आवाज तोच करतो, मीटरवर घनमीटर तेवढेच पडतात, आत स्लज मात्र अर्धाही नसतो.

हे आकडे वरच्या हिशेबात घाला. ११,००० धरून ४८० किलोसाठी साधारण ४४ घनमीटर काढले. त्याची खरी सरासरी ५,००० निघाली, तर गेले फक्त २२० किलो. आउटलेटचे १२० धरून ३४०. कागदावर वय १० दिवस, टँकमध्ये जवळजवळ १८. म्हणजे महिनोनमहिने आम्हाला वाटत होतं आम्ही १० दिवसांवर चालवतोय, आणि स्लज म्हातारा होऊन फेस धरत होता. फेस दिसला की घाबरून तीन दिवस दिवसरात्र पंप. त्या तीन दिवसांत वय ५-६ वर यायचं, नायट्रिफायर धुऊन जायचे, अमोनिया चढायचा. सरासरी काढली तर आकडा छान १० च्या आसपास यायचा. जीवाणू सरासरीवर जगत नाहीत. ते १८ आणि ५ यांच्यातले झोके खात होते.

उपाय दोन केले. वेस्टिंग सलग न करता दिवसभरात लहान लहान हप्त्यांत वाटलं, म्हणजे हॉपरला भोक पडायला वेळच मिळत नाही. आणि नमुना प्रत्येक हप्त्याच्या मध्यावर घेऊन एकत्र मिसळला. एवढ्यावरच चक्र अर्धं शांत झालं.

बाकीच्या गळत्या

पंपाचे तास. "साहेब, पंप चार तास चालवला, पंधराचा पंप, म्हणजे साठ झाले," असं ऑपरेटर प्रामाणिकपणे सांगतात. पण पाटीवरचे तासाला पंधरा घनमीटर हे नव्या पंपाचे. रोटर-स्टेटर (पंपातले स्लज ढकलणारे भाग) झिजला की पंप तेवढा देत नाही. तपासायला मीटर नसला तरी चालतं. स्लजच्या टाकीची लांबी-रुंदी मोजा, आत-बाहेरच्या बाकी सगळ्या वाटा बंद करा, दहा मिनिटं पंप चालवा, पातळी किती चढली ते पाहा. ३ बाय ३ मीटरच्या टाकीत २० सेंटिमीटर चढली तर १.८ घनमीटर झाले, म्हणजे तासाला जेमतेम ११. साठ समजत होतो ते ४३ निघाले आणि वय १० ऐवजी १३ दिवस.

रिटर्न स्लजचा वेग. आरएएस, म्हणजे रिटर्न स्लजचा प्रवाह, वाढवला-कमी केला म्हणून वय थेट बदलत नाही, कारण तो स्लज टँकमध्येच परत येतो. पण आरएएस वाढवला की तो पातळ होतो, आणि वेस्टिंग त्याच लाइनमधून असेल तर तेवढ्याच घनमीटरात कमी किलो जातात. ८,००० चा स्लज ५,००० वर आला तर ६० घनमीटरात ४८० ऐवजी ३००. कोणी वेस्टिंगच्या व्हॉल्व्हला हातही लावला नाही, तरी वय १४ वर गेलं. आरएएसला हात लावला त्या दिवशी वेस्टिंगचा हिशेब नव्याने करायचा, हा नियम शिफ्टच्या फळ्यावर लिहून ठेवा.

स्लजमधलं पाणी काढणाऱ्या सेंट्रिफ्यूज किंवा प्रेसचं परत येणारं पाणी. ही गळती उलटी आहे, आपण स्लज काढतो आणि तो मागच्या दाराने परत येतो. मशीन ४८० किलोतले ६० टक्केच धरत असेल तर १९२ किलो इनलेटला परत. हिशेबात मात्र सगळे ४८० गेलेले. खरं वय १५ च्या जवळ. पॉलिमर (स्लजचे कण एकत्र धरायला घालतात तो) बदलला, किंवा कमी केला, आणि पंधरा दिवसांनी फेस आला, असा क्रम लॉगबुकात दिसतो का ते आवर्जून शोधा. परत येणारं पाणी एका काचेच्या सिलिंडरमध्ये घेऊन अर्धा तास ठेवलं तरी खाली किती बसतं ते डोळ्यांना दिसतं.

क्लॅरिफायरमध्ये साठलेला स्लज. ३०० चौरस मीटरच्या क्लॅरिफायरात एक मीटरचा थर, सरासरी ५,००० चा, म्हणजे १,५०० किलो. टँकमधल्या ६,००० पुढे हे थोडं नाही. थर वाढला की टँकचा एमएलएसएस घटतो आणि स्लज कमी झाल्याचा भास होतो. क्लॅरिफायरमधला स्लज हिशेबात धरायचा की नाही, याच्या दोन्ही पद्धती चालतात. एक ठरवा आणि तीच कायम ठेवा. माझं मत विचाराल तर फक्त टँकचा धरा, कारण हवा तिथेच मिळते आणि नायट्रिफिकेशन तिथेच होतं, आणि थराची उंची रोज वेगळी लिहा.

पावसाचे दिवस. प्रवाह दुप्पट होऊन १६,००० झाला आणि आउटलेटचा टीएसएस ४० वर गेला तर ६४० किलो नुसतेच वाहून गेले. त्या दिवशीचा वेस्टिंगचा कोटा आउटलेटनेच पूर्ण केला, पंप बंदच ठेवा. आणि साप्ताहिक सुटीला वेस्टिंग बंद राहत असेल तर कामाच्या पाच दिवसांत आठवड्याचे ३,३६० किलो भागायला हवेत, म्हणजे रोज ६७२. ४८० च काढत राहिलात तर तिथेच आठवड्याला दोन दिवसांचा स्लज मागे राहतो.

एमएलएसएस ३,००० वर धरून ठेवा, हा सल्ला

हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि मला तो मुळातच चुकीचा वाटतो. लोड ३० टक्क्यांनी वाढला तर स्लजही साधारण तेवढाच जास्त तयार होतो. ६०० ऐवजी ७८० किलो. एमएलएसएस ३,००० वरच ठेवायचा म्हणून तुम्ही ते सगळे ७८० काढता, आणि वय १० वरून ७.७ वर येतं. म्हणजे नायट्रिफायरची गरज सर्वांत जास्त असते त्याच आठवड्यात आपण त्यांचा मुक्काम कमी करतो. वय धरून ठेवा, एमएलएसएस लोडप्रमाणे चढू-उतरू द्या. त्याला वरची मर्यादा फक्त दोन गोष्टींची, क्लॅरिफायरला किती झेपतं आणि ब्लोअर किती हवा देतो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, शिवाय म्हातारा स्लज स्वतःच्या श्वासालाही हवा खातो. टँकमध्ये डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास राहत नसेल तर वय वाढवून हाती काही लागणार नाही.

दुरुस्ती कशी करायची

पहिल्यांदा वय ठरवा. फक्त बीओडी काढायचा असेल तर ५ दिवसांच्या आसपासही चालतं. नायट्रिफिकेशन हवं असेल तर पाण्याच्या सर्वांत थंड महिन्याचा विचार करून. एक्स्टेंडेड एरेशनचे (जास्त वेळ हवा देणारे) प्लांट मुळात २० ते ३० दिवसांसाठीच बांधलेले असतात, तिथे १० दिवसांचा हट्ट धरू नका.

मग रोजचा आकडा काढा, पण निर्णय मागच्या सात दिवसांच्या सरासरीवर घ्या. एका दिवसाचा एमएलएसएस नमुन्याच्या चुकीनेही ३०० ने हलतो. बदल करायचाच तर वेस्टिंगचे किलो एका दिवसात १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त हलवू नका.

आणि मग थांबा. हे सगळ्यांत कठीण. वय बदललं की त्याचा पूर्ण परिणाम दिसायला त्या वयाच्या दुप्पट-तिप्पट दिवस लागतात. १० दिवसांच्या स्लजला तीन ते चार आठवडे. आमचं चक्र साधारण तेवढ्याच दिवसांचं होतं, कारण आज दिसणाऱ्या फेसाला आम्ही आज उत्तर देत होतो आणि त्या फेसाचं कारण दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. पहिल्या दहा दिवसांत वरून फोन येतील, "काही फरक पडला का?" त्यांना दाखवायला रोजच्या किलोंचा आलेख जवळ ठेवा. रेघ सपाट होताना दिसली की लोक धीर धरतात.

दरम्यान सूक्ष्मदर्शक वापरा, तो लॅबच्या आधी खबर देतो. कोवळ्या स्लजमध्ये अमिबा आणि फ्लॅजेलेट जास्त असतात. वय बसत गेलं की मोकळे पोहणारे सिलिएट, मग देठावर उभे राहणारे वॉर्टिसेलासारखे. रोटिफर आणि नेमाटोड बरेच दिसायला लागले की स्लज म्हातारा होतोय. एकदा पाहून काही ठरवू नका, आठवड्यात दोनदा त्याच जागेचा नमुना पाहून मोजणी लिहा.

लॅबची सोय नसलेल्या लहान प्लांटला एक सोपी वाट आहे. वेस्टिंग रिटर्न लाइनमधून न करता थेट एरेशन टँकमधून करा. मग काढलेला स्लज आणि टँकमधला स्लज एकाच दाटपणाचे, त्यामुळे एमएलएसएस कितीही असला तरी रोज टँकचा दहावा भाग काढला की वय १० दिवस. आउटलेटचे कण धरले तर त्याहून थोडं कमी काढायचं, वरच्या उदाहरणात २०० ऐवजी १६० घनमीटर. तोटा एवढाच की पातळ स्लज खूप येतो, तो घेणारा थिकनर (स्लज घट्ट करणारी टाकी) हवा.

तपकिरी फेस आधीच साठला असेल तर नुसतं वय कमी करून तो लवकर जात नाही. तो वरच तरंगत असल्याने वेस्टिंगच्या पंपाला सापडतच नाही, आणि त्यातल्या जीवाणूंचं वय टँकपेक्षा कितीतरी जास्त होतं. तो पृष्ठभागावरून वेगळा काढा आणि प्लांटच्या बाहेर न्या. स्कमच्या (तरंगत्या फेसाच्या) लाइनने पुन्हा इनलेटला सोडलात तर तुम्हीच बी पेरताय.

वयाशी संबंध नसलेले, पण तसेच दिसणारे प्रकार

क्लॅरिफायरमध्ये स्लजचे गोळे बुडबुड्यांसकट वर येत असतील तर तो डीनायट्रिफिकेशनचा, म्हणजे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होण्याचा, प्रकार असू शकतो. सेटलिंगचा सिलिंडर अर्ध्या तासाने ओतून न देता दोन तास तसाच ठेवा. छान बसलेला स्लज नंतर वर आला तर तेच. तिथे थर लवकर ओढायचा, म्हणजे आरएएस वाढवायचा, आणि वेस्टिंगचा हिशेब पुन्हा करायचा.

सेटलिंग खराब असेल तर निम्मं आउटलेटचं पाणी मिसळून तीच चाचणी पुन्हा करा. पातळ केल्यावर छान बसला तर स्लज नुसता जास्त आहे. पातळ करूनही बसत नसेल तर तंतुमय जीवाणू आहेत, आणि त्यांची कारणं कमी डीओ, पोषकांची कमतरता, सेप्टिक सांडपाणी अशी इतरही असतात.

क्षारता विसरू नका. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. वय अगदी बरोबर असलं आणि आउटलेटची क्षारता ५० च्या खाली असली तर आधी तिकडे लक्ष द्या.

आणि अमोनिया हळूहळू न चढता एका रात्रीत १ वरून २० वर गेला, तर वेस्टिंगच्या नोंदी उघडूच नका. वयाचा घोळ दिवसादिवसाने वाढतो, एका रात्रीत नाही. ब्लोअर रात्री बंद पडला होता का, इनलेटला काही विषारी आलं का, सामू किती होता, हे पाहा. आदल्या दिवशीचा इनलेटचा नमुना फ्रीजमध्ये असेल तर तो जपून ठेवा, टाकू देऊ नका.